जांभळ्या धानाची कुळकथा

छत्तीसगडात श्रावणात एखादी बांधी अशी नजरेस पडते, की धानावर रोगच पडलाय असं वाटावं. पानं जांभळी, बुंध्याशी तर पार काळपट. पण तो रोग नव्हे. ते मुद्दाम पेरलेलं धान आहे, आणि त्याच्या रंगाचं कारण आहे करगा नावाचं तण.

करगा म्हणजे धानाचाच भाऊबंद. रानधान आणि शेतातलं धान यांच्या संकरातून तो उपजतो. रोपटं हुबेहूब धानासारखं. लोंबी धरेपर्यंत भल्याभल्यांना ओळखू येत नाही, आणि ओळखू येतो तेव्हा वेळ गेलेली असते. त्याचे दाणे कापणीआधीच झडतात. पिकल्या लोंबीला नुसता हात लागला की कुसळासकट खाली. ते मातीत निजून राहतात, पुढच्या पावसात काही उगवतात, काही त्याच्याही पुढच्या. पेरतो शेतकरी, आणि पीक निम्मं करग्याचं.

रोवणीच्या धानात त्याचं फारसं चालत नाही. चिखलणीत उगवलेलं सगळं गाडलं जातं, पाणी साचलेलं असतं, आणि पऱ्हे तोवर हातभर वाढलेले असतात. रांगेबाहेर दिसेल ते उपटावं, इतका साधा हिशेब. फेकून पेरलेल्या धानात मात्र, ज्याला भंडारा-गोंदियाकडे आवत्या म्हणतात, पीक आणि तण एकाच पावसात बरोबरीनं वर येतात. छत्तीसगडच्या शेतकऱ्यानं यावर बियासी काढली. पेरणीनंतर महिन्याभरानं बांधीत पाणी साचलं की उभ्या पिकातच हलका नांगर फिरवायचा. तण उलथतं, दाट धान विरळ होतं, उपटलेली रोपं मोकळ्या जागी लावून टाकायची. बाकीच्या तणांवर हा उपाय झकास. करग्यावर नाही, कारण नांगराचा जो मार धान सोसतं तो करगाही सोसतो.

राहिलं निंदण. आणि निंदणानंच घोळ वाढवला. बाया वेगळं दिसेल ते उपटतात. मग बी कुणाचं धरतं? जो करगा वेगळा दिसत नाही त्याचं. वर्षानुवर्षांच्या निंदणानं आपणच निवडून निवडून करग्याला धानाचं सोंग शिकवलं. गव्हाच्या शेतातली राय अशीच गव्हासारखी होत गेली, हे रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी दाखवलं होतं. अशा सोंगाला आज त्यांचंच नाव आहे.

तण रंग बदलत नसेल तर पिकाचा बदलू, ही मध्य प्रांतातल्या धान-संशोधकांची युक्ती. बी. बी. दवे यांनी मध्य प्रांतातला रानधानाचा प्रश्न आणि त्यावरचा तोडगा १९४३ साली मांडला. जांभळ्या झाकेच्या देशी धानाशी संकर करून जांभळ्या पानांची वाणं तयार करायची. मग बांधीत हिरवं दिसेल ते बेलाशक उपटा. नव्या माणसालाही जमेल इतकं सोपं. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचं ‘श्यामला’ हे पुढच्या काळातलं वाण याच घराण्यातलं.

मला या युक्तीचं फार कौतुक आहे. फवारा नाही, यंत्र नाही, फक्त डोळ्याची सोय. पण करगा धानाचा नातलग आहे, आणि जांभळा रंग संकरात वरचढ ठरतो. शेजारच्या धानाचे परागकण लागले की करग्याची पिल्लावळ जांभळी. हिरवा करगा निंदणात जातो, जांभळा राहतो, बी टाकतो. हिको-इची ओका आणि चँग या संशोधकांनी १९५९ सालीच नोंदवलं, की अशा शेतांतलं रानधानही जांभळं होऊ लागलंय.

हीच गोष्ट पुढे अमेरिकेत औषधाच्या रूपानं घडली. लुईझियानात टिम क्रॉगन यांना १९९३ साली एका तणनाशकाला दाद न देणारं धान सापडलं. त्यावरून ‘क्लियरफील्ड’ वाणं निघाली. फवारा मारला की पीक उभं, बाकी सगळं साफ. काही वर्षांतच तिथल्या तांबड्या रानधानानं संकरातून तोच गुण उचलला. आपल्याकडे पुसा बासमती १९७९ आणि १९८५ ही पेरणीच्या धानासाठीची वाणं याच जातीच्या गुणावर उभी आहेत. पंजाब-हरियाणात मजूर आणि पाणी दोन्हींची टंचाई झाल्यावर त्यांना मागणी येणारच.

गंमत अशी, की ज्या रानधानानं शेतकऱ्याला रडवलं तेच पसहर म्हणून कमरछठच्या उपासाला छत्तीसगडच्या बाजारात साध्या तांदळाच्या कितीतरी पट भावानं विकतं. नांगरल्या जमिनीतलं त्या दिवशी चालत नाही. आपल्या ऋषिपंचमीचा नेमही तसाच.

शेतात मात्र करग्याला हटवायचं तर रंग आलटून पालटून पेरावा लागतो. दोन-तीन वर्षं जांभळं, मग हिरवं, म्हणजे जांभळा झालेला करगा पुन्हा उघडा पडतो. अधूनमधून एखाद्या वर्षी रोवणी करावी. पेरायचंच असेल तर पहिल्या पावसावर घाई करू नये. वाफशावर करगा उगवू द्यावा, वखरानं मोडावा, जमल्यास दुसऱ्यांदा मोडावा, आणि मगच पेरावं. बियाणं घरचं असेल तर मूठभर सोलून बघावं. करग्याचा तांबडा दाणा निघाला तर ते पोतं जेवणाला ठेवावं, पेरणीला नाही.