जाते आणि भोंगा

'वेळ मिळत नाही' हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. वकील, शिक्षक, व्यापारी, विद्यार्थी, गृहिणी, कोणीही त्याला अपवाद नाही. यावर उपाय म्हणून पहाटे उठा, कामांची यादी करा, ठरल्या वेळी ठरले काम करा, असा उपदेश पुस्तकांतून मिळतो आणि हल्ली हातातल्या फोनमधूनही मिळतो. हा उपदेश खोटा नाही. पण तो अपुरा आहे. माणसाला रोजच्या कामाची सवय कोणी लावली, ती त्याच्या हाती राहिली की दुसऱ्याच्या हाती गेली, आणि तिच्यातून नुसता माल निघाला की काही नवेही जन्मास आले, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. त्यांची उत्तरे शोधावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. आपला बुलढाणा जिल्हा त्यासाठी पुरेसा आहे.

घड्याळ येण्यापूर्वी आपल्याकडे वेळ नव्हती, असे कोणी समजू नये. दिवसरात्रीचे आठ प्रहर आणि साठ घटका हे गणित जुनेच. एक घटका म्हणजे आजची चोवीस मिनिटे. परंतु काम घटकेवर चालत नसे. ते ऋतूवर आणि सूर्यावर चाले. घाटावरच्या चिखली-मेहकरचा शेतकरी काय, किंवा घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातला मलकापूर-नांदुऱ्याचा शेतकरी काय, मृग निघाला की त्याला दिवस पुरत नसे आणि उन्हाळ्यात तोच दिवस सरता सरत नसे. लोणारच्या सरोवरातून खार काढण्याचा धंदा अकबराच्या वेळीही चालू होता. काच आणि साबण यांना लागणारा माल तेथे मिळतो, अशी नोंद 'ऐन-ए-अकबरी'त आहे. त्या धंद्याची वेळही उन्हाने ठरवलेली होती. पाणी आटले की काम सुरू आणि पाऊस पडला की बंद. या व्यवस्थेत आळसाला जागा होती, तशी विश्रांतीलाही होती.

या साऱ्यात एकच काम असे होते, की ते ऋतू पाहत नसे. ते म्हणजे दळण. पहाटेच्या प्रहरी घराघरांतून जात्याची घरघर ऐकू येई, आणि तिच्यावर ओवी चढे. ही चाल किती जुनी असावी? चालुक्य राजा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही दीडशे वर्षे आधी मुसळाच्या ठेक्यावर काव्य चालू होते. त्या काव्याचा साठा केवढा, हे आपल्याला फार उशिरा कळले. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये अशा ओव्या जमा केल्या. पुढे गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून हे काम हाती घेतले, तेव्हा जमलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. लाखावर ओव्या, आणि त्या रचणाऱ्या बहुतेक स्त्रिया निरक्षर!

हे कसे घडले, याचा विचार केला पाहिजे. जात्याचा खुंटा हाताला पाठ असतो. मूठ कधी टाकावी, पाळूला किती वेग द्यावा, हे मनाला विचारावे लागत नाही. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, सोबतीण समोर बसलेली. शरीर लयीत गुंतले की मन मोकळे होते, आणि मोकळ्या मनाला ती लयच शब्द पुरवते. आपल्या शेजारच्या खानदेशातील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या गात, आणि सोपानदेवांसारखे घरचे लोक ते उतरून घेत. बहिणाबाई १९५१ साली वारल्या. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांचा संग्रह निघाला, तेव्हा महाराष्ट्र चकित झाला. वास्तविक चकित होण्याचे कारण नव्हते. सवयीने हात मोकळा केला होता, एवढेच.

परंतु जात्याची नुसती स्तुती करून थांबणे हा अन्याय होईल. ते पहाटेचे दळण कोणा बाईने हौसेने पत्करलेले नव्हते. आजारी असो, गरोदर असो, दळल्याशिवाय भाकर नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा ओवी मागे पडली, म्हणून आपण हळहळतो. दळणाऱ्या बाईच्या खांद्यांना मात्र हळहळ वाटली नसेल.

दुसरी सवय पुरुषांच्या जगातली, दप्तराची. जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास 'लेखनक्रिया' या विषयाला दिला आहे. अक्षर कसे काढावे, ओळी कशा राखाव्यात, शाई-कागद कसे सांभाळावेत, इतक्या बारकाव्याने एका संताने लिहावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मराठी कारभारातही रोजकीर्द हा कणा होता. दिवसाचा जमाखर्च दिवसाच्या कागदावर आला पाहिजे, हा तिचा दंडक. पेशव्यांच्या रोजनिश्यांतील निवडक उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी काढले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते छापून निघाले. त्यांवरून ही शिस्त किती खोल होती ते दिसते. खामगावच्या पेढीवरचा मुनीम काय आणि पुण्याच्या फडातला कारकून काय, दोघांनाही उद्यावर काम टाकण्याची मुभा नव्हती. या सवयीने नवे काव्य दिले नाही, पण तिच्यामुळे आपल्याला इतिहास मिळाला.

आता तिसरी सवय पाहू. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६७ पर्यंत भुसावळहून नागपूरपर्यंत लोहमार्ग पुरा झाला, आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे त्या रुळांवर आली. खामगाव मात्र बाजूला राहिले. कापसाच्या या मोठ्या पेठेसाठी जलंबहून सुमारे आठ मैलांचा फाटा काढावा लागला, आणि १८७० च्या मार्चमध्ये तो सुरू करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आठ मैलांच्या रुळासाठी व्हाइसरॉय का यावा? कारण त्या रुळाचे दुसरे टोक मँचेस्टरच्या गिरण्यांत होते. अमेरिकेतील यादवी युद्धात कापसाचा पुरवठा तुटल्यापासून इंग्लंडची नजर वऱ्हाडावर होती.

रुळांबरोबर नवी वेळ आली. आगगाडीचे घड्याळ मद्रासच्या वेळेवर चाले. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. सूर्य माथ्यावर आला म्हणजे दुपार, हे पिढ्यान् पिढ्यांचे ज्ञान स्टेशनात खोटे ठरू लागले. त्यापाठोपाठ वाफेचे रेचे आले, कापसाचे जिन आले, आणि जिनाबरोबर भोंगा आला. भोंगा वाजला की कामावर, भोंगा वाजला की घरी. हातरेच्यावर दिवसभरात जेवढी सरकी निघे, तिच्या कितीतरी पट या यंत्रांनी काढली. उत्पादन वाढले, यात शंका नाही. पण कोणत्या किमतीला? जिनाचा हंगाम थोड्या महिन्यांचा. म्हणून मालकाला रात्रही दिवसच वाटे. मुंबई सरकारने १८८४-८५ साली नेमलेल्या कमिशनपुढे शेजारच्या खानदेशातील जिनांची जी हकीकत आली, तिच्यात पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या बायका आहेत. १८८१ चा पहिला कारखाना कायदा मुलांपुरताच होता. १८९१ च्या कायद्याने बायकांचा दिवस अकरा तासांवर आणला. त्याच सुमारास, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. पुढे १९२२ साली आठवड्याचे साठ तास झाले आणि १९४८ च्या कायद्याने अठ्ठेचाळीस. विश्रांती हाही कामाचाच भाग आहे, हे मान्य करावयास आपल्याला इतकी वर्षे लागली.

जात्याची आणि भोंग्याची अशी तुलना केली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. दोन्हींत नियमितपणा आहे, दोन्हींत तेच तेच काम आहे. मग एकावर लाख ओव्या का उमलल्या आणि दुसऱ्यावर त्या का मुक्या झाल्या? जात्याचा वेग दळणारीच्या हाती होता. दमली तर ती हात सैल सोडी. रेच्याचा वेग इंजिनाच्या हाती होता, आणि त्याच्या आवाजात शेजारणीचा शब्दही कानी पडत नसे. सवय माणसाच्या अधीन असली तर तिच्यातून निर्मिती होते. माणूसच सवयीच्या अधीन झाला तर फक्त माल निघतो.

घड्याळाच्या जगात राहूनही लय आपल्या हाती ठेवणारी माणसे झाली आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली बडोद्याच्या नोकरीत गेले, ती १९२५ पर्यंत चालली. राजवाड्याची कामे सांभाळून त्यांनी 'रियासत' लिहिली. तिचा पहिला भाग १८९८ साली निघाला. निवृत्तीनंतर पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या थोड्या अवधीत त्यांनी बाहेर काढले, आणि मराठ्यांच्या इंग्रजी इतिहासाचे तीन खंड पुरे झाले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. हे काम एखाद्या झपाट्याने होत नाही. त्याला रोजची बैठक लागते. आपल्याच बुलढाण्याच्या यादव माधव काळे यांनी १९२४ साली 'वऱ्हाडचा इतिहास' दिला आणि दहा वर्षांनी 'नागपूर प्रांताचा इतिहास'. कवी ना. घ. देशपांडे सिंदखेडराजाला जन्मले, मेहकरला वकिली करीत राहिले. 'शीळ' १९५४ साली आली, 'अभिसार' १९६३ साली, आणि 'खूणगाठी' १९८५ साली. 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वर्षाला एक पुस्तक या हिशेबाने ही कामगिरी तोकडी दिसेल. पण सवयीचा उपयोग संख्या वाढवण्यापुरताच नसतो. दीर्घकाळ तग धरण्यासाठीही तो असतो, हे या वकील-कवीकडून शिकावे.

आणि शेवटी ताराबाई शिंदे. बुलढाण्यात राहणाऱ्या या बाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक छापले. वडील बापूजी हरी शिंदे यांनी त्यांना घरीच शिकवले होते. त्यांच्या हातून पुढे दुसरे पुस्तक झाल्याचे आढळत नाही, आणि हे एक पुस्तकही १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशित करीपर्यंत विस्मृतीत पडले होते. त्यांच्या बुद्धीत उणे नव्हते. ते पुस्तक वाचणारा कोणीही हे सांगेल. त्या काळी बाईच्या दिवसातला कोणताही तास तिच्या नावावर लिहिलेला नसे, ही त्यातली मोठी अडचण होती.

म्हणून श्रोतेहो, रोजच्या कामाची सवय लावताना चार गोष्टी धराव्यात, असे मला वाटते. जात्याप्रमाणे वेळ आणि जागा ठरवावी, म्हणजे मन मोकळे राहील. रोजकीर्दीप्रमाणे दिवसाचे काम दिवसाच्या शेवटी मिटवावे. लोखंड्यांनी मिळवलेली सुटी वाया घालवू नये आणि दुसऱ्याची हिरावूही नये. आणि आपला तो निवांत तास घरातल्या कोणाच्या कष्टावर उभा आहे, याचा हिशेब करावा. भोंगा आता पुष्कळांच्या खिशात आला आहे. तो केव्हा वाजू द्यावयाचा, हे ठरवणे अजून आपल्या हाती आहे. ज्या घरात एकाच्या लिहिण्यासाठी दुसरीला दोन वेळा उठावे लागते, त्या घराने सवयी बदलण्याची सुरुवात तेथून करावी.