आंदणाबरोबर गेलेली लेक

मुंबई बेट पोर्तुगालच्या राजाने इंग्लंडच्या राजाला आंदण दिले, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. परीक्षेत त्याला एक गुणही मिळत असे. ते आंदण कोणाच्या लग्नात दिले, ती नवरी कोण, परमुलखात तिचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नसे. आम्हां वसईकरांनी तरी ते विचारायला हवे होते. कारण ते बेट आपल्याच वसई प्रांतातून तोडून दिले गेले.

या नवरीची आठवण मला गेल्या पावसाळ्यात झाली. आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी आपल्या नियोजित वराला घेऊन भेटायला आली. मुलगा युरोपातला, कॅथलिक, सालस. परदेशी नोकरीत दोघांची गाठ पडलेली. लग्न इथे व्हायचे हे ठरले होते. ठरत नव्हते ते पुढचे. संसार त्याच्या देशात थाटायचा की इथे? मुलगा इथे राहायलाही तयार होता. तिचे आईवडील तोंडाने ‘मुलगी शेवटी नवऱ्याच्याच घरची’ असे म्हणत होते आणि आतून खचले होते. तिने सरळच विचारले, “फादर, मी जाऊ का?”

वीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला दुसऱ्या एका मुलीने विचारला होता. धर्मगुरू होऊन मला तेव्हा तीन-चार वर्षेच झाली होती आणि सर्व प्रश्नांची उत्तरे माझ्यापाशी तयार होती. पती तिथे पत्नी, असे सांगून मी तिला रूथचा दाखला दिला. ती गेली. काही वर्षांनी एकटीच परत आली. मिस्सानंतर भेटली तेव्हा तिने मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, “फादर, रूथ नवऱ्यामागून गेली नव्हती हो. नवरा आधीच वारला होता. ती सासूमागून गेली.” बायबल मी सेमिनरीत शिकलो होतो, ते वाचले होते तिने.

म्हणून या वेळी उत्तर न देता मी त्या दोघांना बसवून घेतले आणि आंदणाबरोबर गेलेल्या लेकीची हकीकत सांगितली. तीच येथे जरा विस्ताराने देतो.

कातारिना ब्रागांझा हिचा जन्म २५ नोव्हेंबर १६३८ रोजी पोर्तुगालमधील व्हिला व्हिसोझा येथे झाला. पोर्तुगाल तेव्हा स्पेनच्या राजाखाली होता. ती दोन वर्षांची असताना देशाने ते जू झुगारले आणि तिचे वडील चौथे जुवांव या नावाने सिंहासनावर बसले. परंतु स्पेनने ते मान्य केले नाही आणि स्पेनच्या भिडेखातर रोमनेही या घराण्याला मान्यता दिली नाही. तिला फ्रान्सच्या चौदाव्या लुईला देण्याचे घाटत होते, पण १६५९ मध्ये फ्रान्स आणि स्पेन यांचा तह झाला व लुईने स्पेनची राजकन्या केली. उरला इंग्लंडचा दुसरा चार्ल्स. तो प्रॉटेस्टंट होता. पण त्याच्यापाशी आरमार होते आणि त्याला पैशाची नड होती. वडील १६५६ मध्येच वारले होते. आई लुईझा कारभार पाहत होती. २३ जून १६६१ रोजी करार झाला. वीस लाख क्रुझादो, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे टँजिअर, मुंबई बेट आणि पोर्तुगीज वसाहतींत व्यापाराची मुभा, एवढे आंदण ठरले. त्या बदल्यात इंग्लंडने पोर्तुगालच्या पाठीशी उभे राहायचे. जायचे की नाही, हा प्रश्न कातारिनाला कोणी घातला असेल असे वाटत नाही.

करारात एक कलम मात्र तिच्या स्वतःच्या कामाचे होते. तिला आपला धर्म पाळता येईल आणि तिचे स्वतःचे चॅपेल व धर्मगुरू असतील, असे लिहून घेतले होते. ज्या देशात कॅथलिक धर्मगुरूला नुसते असणेही गुन्हा होता, त्या देशात लेक देताना आईने हे लिहून घेतले. आपल्याकडे सोन्याच्या पाटल्या किती तोळ्यांच्या हे लिहून घेतात.

१६६२ च्या मे महिन्यात ती पोर्ट्समथला उतरली. वय तेवीस. तिला इंग्रजी येत नव्हते, त्याला पोर्तुगीज येत नव्हते. दोघे स्पॅनिशमध्ये बोलत. म्हणजे ज्या देशाच्या भीतीने हे लग्न जमले, त्याच देशाची भाषा त्यांच्या संसाराची भाषा झाली! इंग्लंडच्या त्या काळच्या कालगणनेप्रमाणे २१ मे रोजी त्यांचे लग्न दोनदा लागले. आधी बंद दाराआड कॅथलिक विधीने, मग उघडपणे अँग्लिकन विधीने. (तिनेच इंग्लंडला चहा नेला अशी कथा आहे. चहा तिच्या आधीच लंडनला पोहोचला होता. दरबारात तो रुळवला तिने, एवढे म्हणता येईल.)

महिना-दोन महिन्यांतच खरी कसोटी आली. चार्ल्सने आपली रखेली लेडी कॅसलमेन हिचे नाव राणीच्या खास स्त्रियांच्या यादीत घातले. कातारिनाने ते खोडले. ती बाई समोर आणली गेली, तेव्हा राणीला घेरी आली व नाकातून रक्त वाहू लागले, असे प्रधान क्लॅरेंडन याने आपल्या आठवणींत नोंदविले आहे. आपण लिस्बनला परत जाऊ, असे ती म्हणाली. यावर राजाने दिलेले उत्तरही क्लॅरेंडननेच लिहून ठेवले आहे. माहेरी कसे स्वागत होईल ते आधी विचारून घे, असा त्याचा आशय होता. तो निरोप न्यायला म्हणून त्याने तिच्याबरोबर आलेल्या पोर्तुगीज माणसांची रवानगी सुरू केली. एक वृद्ध सरदारीण आणि थोडी मंडळी काय ती मागे राहिली. माहेरचा दरवाजा बंद आहे हे परक्या देशात एकट्या बाईला दाखवून देण्याइतकी क्रूर गोष्ट दुसरी नसेल. तिने अखेर त्या बाईला स्वीकारले. तिच्या चरित्रकारांपैकी काही याला शहाणपण म्हणतात. मला तो शरणागतीचा दिवस वाटतो.

पुढच्या वर्षी, १६६३ च्या शरद ऋतूत, ती मरणाच्या दारी जाऊन आली. तापाच्या भ्रमात तिला आपल्याला मुले झाली आहेत असे वाटे, आणि राजा उशाशी बसून तिच्या होकाराला होकार देई. प्रत्यक्षात तिचा गर्भ कधीच पूर्ण दिवस राहिला नाही. वांझ म्हणून तिला सोडून द्यावे, असा सल्ला राजाला अनेकांनी अनेकदा दिला.

आणि येथे या माणसाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या लबाडाने कॅथलिकांनी राजाला मारण्याचा कट केल्याची आवई उठविली. निरपराध माणसे फासावर गेली. त्यांत राणीच्या चॅपेलमधला एक सेवकही होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ओट्सने थेट पार्लमेंटसमोर राणीचेच नाव घेतले: नवऱ्यावर विषप्रयोग करण्यास तिची संमती आहे! कॉमन्स सभेने तिला राजवाड्यातून दूर करण्याचा ठराव केला, लॉर्ड्‌स सभेने तो उचलून धरला नाही. तिचे वैद्य सर जॉर्ज वेकमन यांच्यावर खटला चालला आणि १६७९ च्या जुलैत ते निर्दोष सुटले. चार्ल्सने या काळात तिला स्वतःजवळ ठेवले. १६८० मध्ये घटस्फोटाचा प्रस्ताव आला तेव्हाही तो बधला नाही. बाहेरख्याली होता, कर्जबाजारी होता, पण ज्या दिवशी सगळा देश त्या परदेशी बाईच्या अंगावर धावून आला, त्या दिवशी तो दारात उभा राहिला. लग्नातील निष्ठेचा हा फारच तोकडा तुकडा झाला, हे मी जाणतो. तरी तो तुकडा नसता, तर ती जिवंत राहती ना, अशी शंका येते.

ती मंडळी इंग्लंडात अशी दिवस काढीत असताना इकडे आंदणाचे काय झाले? येथे आपल्या वाचकांच्या मनातील एक गैरसमज दूर करतो. मुंबईची सातही बेटे आंदणात गेली असे म्हणतात. पोर्तुगीजांच्या मते फक्त एक मुंबई बेट गेले होते आणि माहीमसुद्धा त्यात नव्हते. साष्टी व वसई तर नव्हतीच. १६६२ च्या सप्टेंबरात इंग्रजांचे आरमार बेट ताब्यात घ्यायला आले. व्हाइसरॉय आंतोनियो द मेल्लो द कास्त्रो याने कागदपत्रांत खोट काढून ते देण्याचे नाकारले. मुंबईत इंग्रज बसले की हिंदुस्थान हातचा गेला, अशा आशयाचे पत्र त्याने आपल्या राजाला धाडले. त्या माणसाची दृष्टी लांबची होती. इंग्रज शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर खितपत पडले. त्यांचा प्रमुख सर अब्राहम शिपमन १६६४ मध्ये तेथेच वारला, आणि बहुतेक शिपाईही रोगराईने मेले. शेवटी १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हंफ्री कुक याने ताबा घेतला. कागदावर सह्या झाल्या त्या दोना इग्नेझ द मिरांडा या विधवेच्या वाड्यात. बेटाची जहागीर तिची होती. एका बाईच्या लग्नासाठी दुसऱ्या बाईच्या घरात तिचे गाव परक्याला दिले गेले. तीन वर्षांनी, १६६८ मध्ये, राजाने ते बेट वर्षाला १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले.

बेटावरची कॅथलिक माणसे या घटनेने घर न सोडता परदेशात गेली. त्यांचे सोयरे साष्टीत आणि वसईत होते. कालपर्यंत एक असलेल्या मुलखाच्या मध्ये आता सरहद्द आली, आणि ठाण्याला व करंजाला पोर्तुगीज नाक्यांवर मुंबईच्या मालाला जकात पडू लागली. त्यांच्यासाठीही करारात कलम होते: त्यांना कॅथलिक धर्म पूर्ववत पाळता येईल. राणीसाठी होते तसेच. ते पाळले गेले, पण आपले धर्मगुरू कोण असावेत हे त्यांच्या हाती राहिले नाही. १७२० मध्ये मुंबईच्या इंग्रज सरकारने पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बेटाबाहेर काढले आणि रोमने नेमलेल्या कार्मेलाईट व्हिकर अपोस्टोलिकला बोलावले. पाद्रोआदो आणि प्रोपागांडा यांचा जो वाद आपल्या आजोबा-पणजोबांनी चर्चच्या आवारात हिरिरीने घातला, त्याचे मुंबईतील मूळ इथे आहे.

राणीकडे परत येऊ. १६८५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मरणासन्न असताना फादर जॉन हडलस्टन या बेनेडिक्टाईन मठवासीला मागच्या जिन्याने आत आणण्यात आले आणि राजा कॅथलिक म्हणून मरण पावला. राणी इतकी कोसळली होती की तिने निरोप पाठवून क्षमा मागितली. क्षमा तर आपण मागायची, असे तो म्हणाला. आता ती मोकळी होती. मूल नाही, पती नाही. तरी सात वर्षे ती इंग्लंडातच राहिली. १६६२ मध्ये जिला बोलता येत नव्हते त्या देशात तिची आता माणसे होती, चॅपेल होते, कबरी होत्या. पुढे विल्यम व मेरी गादीवर आली, कॅथलिकांना दिवस कठीण झाले, आणि १६९२ च्या मार्चमध्ये तिने इंग्लंड सोडले. फ्रान्स, स्पेन करीत १६९३ च्या जानेवारीत ती लिस्बनला पोहोचली. तीस वर्षांनी.

ज्या घरी तिला परत घेतले जाणार नाही असे नवऱ्याने तिला सुनावले होते, तेथे तिचा भाऊ दुसरा पेद्रो राजा होता. त्याने तिला मानाने घेतले. तिने बेंपोस्ता येथे वाडा बांधला. १७०४ मध्ये भाऊ आजारी पडला तेव्हा राज्याचा कारभार तिच्या हाती आला, आणि तो तिने समर्थपणे चालविला. ३१ डिसेंबर १७०५ रोजी ती वारली. जाण्याचा निर्णय दुसऱ्यांनी घेतला होता. राहण्याचा आणि परतण्याचा तिने घेतला.

हे सारे त्या दोघांना सांगून झाल्यावर मी ख्रिस्तसभेच्या कायद्याचे पुस्तक काढले. १९१७ च्या संहितेत पत्नीचे वास्तव्य तेच जे पतीचे, असे स्पष्ट होते. आमच्या प्राध्यापकांची पिढी तेच शिकली, आणि माझ्या त्या जुन्या उत्तरामागेही बहुधा तेच होते. देशोदेशींचे कायदेही त्याच वळणाचे होते. ब्रिटिशांच्या १८७० च्या कायद्याने परक्याशी लग्न करणारी ब्रिटिश स्त्री आपले नागरिकत्व गमावी, आणि हे १ जानेवारी १९४९ पर्यंत चालू होते. १९८३ च्या संहितेत मात्र पती व पत्नी यांचे समान वास्तव्य असावे असे म्हटले आहे, आणि योग्य कारण असेल तर प्रत्येकाचे वेगळेही असू शकते. कोणी कोणामागे जायचे, हे त्यात नाही. लग्न लावण्याआधी मी कागद भरून घेतो. पण कोणते कलम तिच्यासाठी लिहून घ्यायचे हे कोणी विचारत नाही, असे मला तेव्हा जाणवले.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने मोडक्या मराठीत तिच्या वडिलांबद्दल काहीतरी विचारले. ते मला कळले नाही, तिला कळले. ती म्हणाली, “फादर, दोन वर्षे तिकडे राहून बघू. नाही जमले तर परत येऊ, असे याने घरी बाबांना सांगावे, एवढेच मला हवे.” त्याने मान हलविली. “बाबांना सांगतो,” तो म्हणाला, “आणि लिहूनही देतो.”

तिने जाताना एकच चौकशी केली: त्या गावात मिस्सा कोणत्या भाषेत असतो? मला ठाऊक नव्हते. तेथल्या धर्मगुरूंना मी पत्र लिहिले आहे.