सीएनसीवर तयार होणाऱ्या सुट्या भागांची किंमत कशी ठरते?

अकोट आणि परिसरातील जिनिंग कारखान्यांचे वर्ष कापसाच्या हंगामावर चालते. दिवाळीच्या सुमारास आवक वाढली की पुढचे काही महिने यंत्र थांबविणे परवडत नाही. नेमका याच काळात एखादा शाफ्ट वाकतो किंवा बेअरिंगची बैठक झिजते, आणि तो भाग पिशवीत घालून कोणीतरी सुमारे ४५ किलोमीटरवरील अकोल्याची वाट धरतो. तेथील वर्कशॉपमध्ये सांगितलेला भाव ऐकून पहिला प्रश्न येतो तो हा, की एवढ्याशा लोखंडाचे एवढे पैसे कसे? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र लोखंडाच्या वजनात क्वचितच सापडते. ते ड्रॉइंगमध्ये, नगांच्या संख्येत आणि पुष्कळदा मागणी नोंदविण्याच्या वेळेत असते.

सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञांनुसार चालणारे लेथ किंवा मिलिंग यंत्र. या तंत्राचा उगम अमेरिकेतला. तेथील एमआयटी या संस्थेत १९५२ मध्ये छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून आज्ञा घेणारे मिलिंग यंत्र चालवून दाखविण्यात आले. पट्टी केव्हाच गेली, तत्त्व तेच राहिले : टूल कोठून कोठे आणि किती वेगाने न्यायचे, हे आधी लिहून द्यावे लागते. प्रोग्रॅम तयार करणे, टूल बसविणे, जॉब चकमध्ये नीट धरणे, शून्यबिंदू ठरविणे, पहिला नग मोजून पाहणे या सर्वांस मिळून ‘सेटिंग’ म्हणतात. ते एका नगासाठी जेवढे, तेवढेच पन्नास नगांसाठी.

समजा, सेटिंगला ३ तास लागतात, प्रत्येक नगास अर्धा तास लागतो आणि यंत्राचा दर तासाला ५०० रुपये आहे. (हे आकडे केवळ हिशेबासाठी.) एकच नग करून घेतला तर मजुरी १,७५० रुपये पडते. दहा नग केले तर प्रत्येकी ४००, आणि पन्नास केले तर २८०. म्हणजे खरी बचत पहिल्या दहा नगांतच होते. त्यापुढे नगामागे १२० रुपये वाचविण्यासाठी चाळीस नग गोदामात गंजत ठेवणे शहाणपणाचे नाही. साधा शाफ्ट एकच हवा असेल, तर सीएनसीचा हट्टही धरू नये. चांगला टर्नर साध्या लेथवर तो स्वस्तात करून देतो.

दुसरा मोठा खर्च अचूकतेचा. डबल रोलर जिनमध्ये चामड्याच्या चकत्या ओवलेला रोलर स्थिर सुरीला दाबून फिरतो. रुई ओढली जाते आणि सरकी खाली पडते. या रोलरच्या शाफ्टवर बेअरिंग जेथे बसते, तेथील व्यास काटेकोर हवाच. ५० मिलिमीटरच्या बैठकीला साधारणतः १६ मायक्रॉनच्या पट्ट्यात राहावे लागते. शाफ्टचा उरलेला मोकळा भाग ०.३ मिलिमीटरने कमीजास्त झाला तरी बहुधा काही बिघडत नाही. तथापि, ड्रॉइंग करणारा सावधगिरी म्हणून सर्वच मापांना एकच कडक टॉलरन्स लिहून टाकतो. मग ग्राइंडिंग येते, प्रत्येक टप्प्यावर मोजणी येते, नाकारलेले नग येतात, आणि उपयोग नसलेल्या अचूकतेचे पैसे कारखानदार भरतो. फिनिशचेही तसेच. जेथे काही घासत नाही, तेथे आरशासारखी चकाकी कशाला?

आकारातही पैसा लपलेला असतो. समजा, ६०० मिलिमीटर लांबीच्या ५० मिलिमीटर शाफ्टवर एका ठिकाणी ९० मिलिमीटर व्यासाची कॉलर आहे. ती अखंड धातूतून काढायची तर ९५ मिलिमीटरची सळई लागते. तिचे वजन सुमारे ३३ किलो, आणि त्यातील बहुतांश लोखंड बर होऊन यंत्राखाली पडते. कॉलर वेगळी करून शाफ्टवर चढविली, तर ५५ मिलिमीटरची सुमारे ११ किलोची सळई पुरते. अर्थात, कॉलरवर मोठा धक्का येत असेल, तर अखंड शाफ्टच बरा.

मिलिंगमधील कटर गोल असतो, त्यामुळे खाचेचा आतला कोपरा तो काटकोनात कापू शकत नाही. कोपऱ्याची गोलाई जितकी लहान, तितका कटर बारीक आणि काम संथ. खोल खाच तर अधिकच महाग. टूलची बाहेर राहिलेली लांबी दुप्पट झाली, की तेवढ्याच जोराखाली ते आठपट वाकते, म्हणून ऑपरेटरला हळूहळू, थोडे थोडे कापावे लागते. जॉब उलटून पुन्हा धरण्याची गरज पडली, तर दुसरी सेटिंग आणि चूक होण्याची दुसरी संधी. धातूंमध्ये ॲल्युमिनिअम झटपट कापले जाते. स्टेनलेस स्टील कापताना कडक होत जाते आणि टूल खाते.

आपल्या भागात मात्र सर्वांत जास्त घोटाळा नमुन्यामुळे होतो. ड्रॉइंग नसते. झिजलेला शाफ्ट टेबलावर ठेवून ‘असाच एक करून द्या’ असे सांगितले जाते. वर्कशॉपवाल्याने झिजलेले माप घेतले, तर नवा शाफ्टही ढिलाच होणार. अंदाजाने वाढविले, तर बेअरिंग चढणार नाही. अशा वेळी जुन्या बेअरिंगवरील क्रमांक पाहावा. नेहमीच्या बॉल बेअरिंगमध्ये ६२१० असा क्रमांक असल्यास शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणावे. आतील व्यास ५० मिलिमीटर. (शेवटचे अंक ०४ वा त्याहून अधिक असतील, तेव्हाच हे गणित लागू पडते.) शाफ्टच्या बैठकीचे मूळ माप येथून मिळते. याखेरीज न झिजलेली टोके, चावीची खाच आणि आट्यांची मापे घेऊन एक कागदी ड्रॉइंग करून घ्यावे. ते एकदाच करावे लागते.

ही मापे घेण्यास पावसाळा सोयीचा असतो. जिन बंद असतात, रोलर उतरवून ठेवलेले असतात आणि वर्कशॉपवाल्याला घाई नसते. डिसेंबरमध्ये तोच भाग रात्रपाळी लावून करून घ्यावा लागतो. त्या वेळी दर विचारण्यात फारसा अर्थ नसतो. दारात कापसाच्या गाड्या उभ्या असतात.