पेटंटचा दावा : ‘सहज सुचण्याजोगा’ आणि ‘अस्पष्ट’ म्हणजे काय?

पेटंटच्या अर्जात शोधाचे वर्णन असते आणि शेवटी क्रमांक घातलेले दावे असतात. मालकी ठरते ती दाव्यांवरून. जमिनीच्या सातबाऱ्याला जशी हद्द, तसे पेटंटला दावे. ही हद्द मान्य होण्यासाठी शोध नवा हवा, जाणकाराला सहज सुचण्याजोगा नको आणि दावा स्पष्ट हवा.

नवेपणा

हळदीने जखम बरी करण्याच्या पद्धतीला अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) महासंचालक होते. परिषदेने फेरतपासणी मागितली. ‘आमच्याकडे घरोघरी हे करतात’ एवढे सांगून भागणार नव्हते, छापील पुरावा लागत होता. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ मधला वैद्यकीय नियतकालिकातला लेख यांसह ३२ संदर्भ दिले. १९९७ मध्ये दावे फेटाळले गेले.

सहज सुचणे

शोध जसाच्या तसा आधी कुठे नसला, तरी तेवढे पुरत नाही. भारतीय पेटंट कायदा, १९७० च्या कलम २ नुसार त्यात तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही, असावे लागते. शिवाय तो त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचणारा नसावा.

याचा महत्त्वाचा निकाल भांड्यांच्या धंद्यातला आहे. मिर्झापूरच्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजकडे भांडी लेथवर पकडून घासण्याच्या साधनाचे पेटंट होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये ते अवैध ठरवले. जुन्या साधनात केलेली ती फक्त कारखान्यातली सुधारणा होती, असे न्यायालयाचे म्हणणे. कसोटी अशी : अर्जाच्या तारखेपर्यंतचे ज्ञान असलेल्या, पण हा शोध न पाहिलेल्या कुशल कारागिरासमोर तीच अडचण ठेवली, तर त्याला हा उपाय आपसूक सापडला असता का? उत्तर कळल्यावर कोडे सोपेच वाटते. म्हणून विचार अर्जाच्या तारखेला उभे राहून करायचा.

स्पष्टता

कलम १०(५) नुसार दावे स्पष्ट व नेमके हवेत आणि अर्जातल्या वर्णनावर आधारलेले हवेत. सिंधुदुर्गातल्या नांदगावच्या एखाद्या उत्पादकाने आमसुले वाळवण्याची पद्धत शोधली, असे समजू. ‘योग्य तापमानाला, पुरेसा वेळ वाळवणे’ असा दावा केला, तर हद्दच कळत नाही. शेजाऱ्याने कोणत्या तापमानाला वाळवले की भंग होतो? तापमान, वेळ आणि रसाची पुटे देण्याचा क्रम लिहिला, की दावा स्पष्ट होतो.

मात्र स्पष्ट दावाही सहज सुचणारा असू शकतो. उन्हाच्या पेटीला पंखा लावला आणि सुकणे थोडे लवकर झाले, तर ते कुणालाही अपेक्षितच आहे. ठरावीक क्रमाने वाळवल्यावर रंग अनपेक्षितपणे टिकला आणि ते प्रयोगांतून दाखवता आले, तर बाजू भक्कम होते.

दोन्ही कसोट्या एकमेकींना ओढतात. दावा फार रुंद केला, तर जुने ज्ञान त्यात सापडते. फार अरुंद केला, तर दुसरा थोडा बदल करून बाजूने निघून जातो, कारण जे दाव्यात नाही ते सर्वांना मोकळे असते.

हरकत कोण घेऊ शकतो?

अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्यापूर्वी, कोणीही कलम २५ खाली लेखी विरोध करू शकतो. पेटंट मिळाल्यावर हितसंबंध असलेल्या व्यक्तीला एक वर्षाची मुदत असते. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातात. विरोधासाठी ‘आम्ही पूर्वीपासून करतो’ याला तारखेचा पुरावा जोडता आला, तर म्हणण्याला वजन येते.