दुव्यांचे मोल

मराठीत ‘दुवा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: जोडणारी कडी आणि आशीर्वाद. वेबवरच्या लिंकला आपण दुवा म्हणू लागलो तेव्हा दुसरा अर्थ कुणाच्या मनात असेल असे नाही. सर्च इंजिनांचा अभ्यास करताना मात्र मला तोच आधी आठवतो. एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा ही शिफारस असते. ती कोणाची, किती जणांत वाटलेली, कोणत्या शब्दांत केलेली, पैसे घेऊन केलेली का, या प्रश्नांचा हा अभ्यास आहे.

त्याचे मूळ वेबच्या आधीचे. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली कोणता वैज्ञानिक लेख कोणाचा हवाला देतो याची सूची करण्याची कल्पना मांडली. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या विद्यार्थ्यांनी हवाल्यांचा हाच विचार वेबपानांना लावला आणि दुवे नुसते मोजण्याऐवजी तोलायचे ठरवले. त्या पद्धतीचे नाव पेजरँक.

कागदावर तीन पाने काढा. ‘क’ने ‘ख’ आणि ‘ग’ला दुवा दिला, ‘ख’ने ‘ग’ला, ‘ग’ने फक्त ‘क’ला. ‘क’ आणि ‘ख’ यांच्या पदरात प्रत्येकी एकच दुवा पडला. तरी ब्रिन आणि पेज यांच्या मूळ सूत्राने, ०.८५ हा गुणक धरून, ‘क’चे वजन सुमारे १.१६ येते आणि ‘ख’चे ०.६४. कारण ‘क’ला वजनदार ‘ग’ची अख्खी शिफारस मिळाली, ‘ख’ला ‘क’ची अर्धीच. हे गणित एकदा स्वतः करून पाहावे. पुढची प्रकरणे मग जड जात नाहीत.

दुव्याचे शब्दही बोलतात. २००३ मध्ये अनेकांनी ‘मिझरेबल फेल्युअर’ या शब्दांवरून अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या अधिकृत चरित्रपानाला दुवे दिले. पानावर ते शब्द नव्हते, तरी गूगलवर त्या शब्दांच्या शोधात ते पान सर्वांत वर आले. शिफारशीला किंमत आली तसा तिचा बाजारही भरला. म्हणून २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू आणि एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली: दुवा आहे, पण आमची शिफारस धरू नका. विकिपीडियावरून बाहेर जाणाऱ्या दुव्यांवर ती असते. २०१९ मध्ये गूगलने ‘स्पॉन्सर्ड’ आणि ‘यूजीसी’ या खुणा आणल्या, पहिली पैशाच्या दुव्यांसाठी, दुसरी वाचकांनी टाकलेल्यांसाठी. या तिन्ही खुणा आता हुकूम मानल्या जात नाहीत, इशारा मानल्या जातात. त्याआधी, गूगलच्या २०१२ च्या ‘पेंग्विन’ बदलाने विकतच्या आणि बनावट दुव्यांवर उभ्या असलेल्या कितीतरी साइट खाली गेल्या होत्या.

हे शास्त्र जाहिरातवाल्यांचे, असे समजून आपले अनेक अभ्यासक त्यापासून दूर राहतात. मला ते पटत नाही. कोणाचा शब्द किती धरायचा हा ज्ञानव्यवहारातला जुना, गंभीर प्रश्न आहे, आणि इथे तो गणिताच्या रूपात समोर येतो. दुव्यांखेरीज आज इतर पुष्कळ गोष्टी क्रम ठरवतात, तरी सुरुवात इथूनच करावी.

वाचकहो, मराठीत वेबवर लिहीत असाल तर एवढे आजपासून करा. ज्याच्याकडून घेतले त्याला दुवा द्या, आणि तो ‘येथे क्लिक करा’वर न देता त्या लेखाच्या नावावर द्या.