टोनआर्म कुठे बसवावा? एका भोकाचा इतिहास

१/ १९५४ साली इंग्लंडमधील स्विंडन येथील गॅरार्ड कंपनीने ‘३०१’ हा टर्नटेबल बाजारात आणला, तेव्हा त्याला सुई धरणारा हातच नव्हता. मोटर, जड थाळी आणि धातूचा सांगाडा एवढेच ग्राहकाच्या हाती येई. टोनआर्म कोणता घ्यावा आणि कुठे बसवावा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. 🧵

२/ हे वरकरणी सुतारकाम वाटते. मुळात ती भूमिती आहे. मूळ तबकडी कोरताना कोरणी त्रिज्येवरून सरळ सरकते. वाजवणारा टोनआर्म मात्र एका टेकूभोवती फिरतो, म्हणून सुई कमानीत सरकते. या दोन मार्गांतील कोनाचा फरक आवाजात विकृती आणतो.

३/ या प्रश्नाचे गणित पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्ये मांडले; १९३८ मध्ये स्वीडनचे एरिक लोफग्रेन यांनी ते अधिक काटेकोर केले. उपाय असा: आर्मचे टोक आत वळवायचे आणि सुई मधल्या खुंटीच्या किंचित पुढे पोहोचेल असा टेकू रोवायचा. ९ इंची आर्ममध्ये हे ‘पुढे’ म्हणजे साधारण १७-१८ मिलिमीटर. भोक दोन-तीन मिलिमीटर चुकले, तरी हिशेब कोलमडतो.

४/ आर्म १२ इंची घेतला तर कोनाचा फरक घटतो. पण वजन वाढते आणि जागाही जास्त लागते.

५/ दुसरा प्रश्न कंपनांचा. सुई खाचेतील सूक्ष्म हेलकावे वाचते. थाळीचे बेअरिंग आणि आर्मचा टेकू परस्परांच्या तुलनेत हलले, तर ती हालचालही सुई ‘संगीत’ म्हणूनच वाचते. ‘३०१’मध्ये या दोहोंना जोडणारा दुवा होता तो खालचा लाकडी खोका. म्हणून खोका कसा बांधला, यावर आवाज अवलंबून राहिला.

६/ स्वित्झर्लंडच्या थोरेन्सने १९५७ च्या ‘टीडी १२४’मध्ये वेगळे उत्तर दिले. आर्मसाठी यंत्राच्या सांगाड्यालाच जोडलेली, काढता-घालता येणारी फळी. आर्म बदलायचा तर फक्त फळी बदलायची. यंत्राला धक्का नाही.

७/ १९५९ मध्ये इंग्लंडच्या एसएमईने उत्तर आर्ममध्येच शोधले. तिच्या आर्मला सरकती बैठक होती. भोक थोडे चुकले, तरी आर्म पुढे-मागे सरकवून अंतर जुळवता येई.

८/ १९६१ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी एआर कंपनीच्या टर्नटेबलमध्ये थाळी आणि आर्म एकाच धातूच्या ‘टी’ आकाराच्या चौकटीवर बसवले आणि ती चौकट स्प्रिंगांवर तोलली. मोटर तिच्यापासून अलग. धक्का बसला तर थाळी आणि आर्म एकत्रच हलत. दुवा पक्का झाला. मात्र आर्म निवडण्याचे स्वातंत्र्य गेले.

९/ जुना टर्नटेबल आज दुरुस्त करणाऱ्यापुढे हाच पेच आहे. बाजूला सुटा खांब ठेवून त्यावर आर्म बसवला, तर जुन्या लाकडाला भोक पडत नाही. पण बेअरिंग आणि आर्म यांचा दुवा सैल होतो. खोक्यात नवे भोक पाडले, तर दुवा टिकतो. पण त्या काळच्या मालकाने केलेल्या निवडीचा पुरावा पुसला जातो.

१०/ म्हणून जुने लाकूड जपून नवी फळी कापणे किंवा नवा खोका बांधणे हा शहाणपणाचा मार्ग. फळी चुकली तर पुन्हा कापता येते. सत्तर वर्षांपूर्वी कुणी मोजून पाडलेले भोक मात्र एकदा मोठे केले, की त्याचे मूळ माप कायमचे हरवते. वस्तूंच्या इतिहासात अशी भोकेसुद्धा दस्तऐवजच असतात.