परत करणारा हात

कुडाळहून मालवणकडे जाताना धामापूरला उतरले की भगवतीचे देऊळ लागते आणि देवळाला लागून तलाव. डोंगरांमधली घळ बांध घालून अडवली आणि १५३० साली हा तलाव झाला. विजयनगरच्या राज्यातले मांडलिक नागेश देसाई यांनी तो बांधला. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत त्याचे नाव घेतले. गावात मात्र तलावाची ओळख सांगताना आधी दागिन्यांची गोष्ट निघते. लग्नकार्य तोंडावर आले आणि घरात सोने नसले, तर फुलांचे दागिने करून परडीत ठेवायचे आणि परडी पाण्यात सोडायची. परडी बुडायची, वर यायची तेव्हा तिच्यात सोन्याचे दागिने असायचे. कार्य उरकले की ते तलावाला परत. एकदा कोणा एकाने परत केले नाहीत. तेव्हापासून तलावाने देणे थांबवले.

या संग्रहातून चक्राकार उद्योगातल्या मानवी वर्तनाच्या ज्या अभ्यासक्षेत्रात आपण पाऊल टाकणार आहात, त्याचा मुख्य प्रश्न या गोष्टीत आहे. तलावाच्या बाजूने काही बिघडले नव्हते. परडी जात होती, येत होती. व्यवहार मोडला तो घेणाऱ्याच्या घरात, परत देण्याची वेळ आली तेव्हा.

उद्योग चक्राकार करायचा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. आज बहुतेक वस्तूंची वाट सरळ आहे: खाणीतून किंवा शेतातून कारखान्यात, तिथून घरात, घरातून उकिरड्यावर. ती वळवून वस्तू दुरुस्त व्हावी, पुन्हा वापरली जावी, एकाचे उरलेले दुसऱ्याचा कच्चा माल व्हावे, हा विचार. केनेथ बोल्डिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये पृथ्वीला अवकाशयानाची उपमा दिली, ती याच अर्थाने. वॉल्टर स्टाहेल आणि जनेव्हिएव्ह रेडे यांनी १९७६ मध्ये युरोपीय आयोगासाठी अहवाल लिहिला आणि वस्तूंचे आयुष्य वाढवले तर ऊर्जा वाचते, हातांना काम मिळते, असे मांडले. पुढचे बरेचसे काम अभियंत्यांनी आणि अर्थतज्ज्ञांनी केले, आणि ते मोलाचे आहे. पण त्यांच्या आकृत्यांमध्ये वस्तूकडून वस्तूकडे जो बाण जातो, तो कोणाच्या तरी हातून जातो. तो हात खरेदी अधिकाऱ्याचा असतो, यंत्रावरच्या कामगाराचा, भंगारवाल्याचा, स्वयंपाकघरातल्या बाईचा किंवा बुवाचा. तो कधी पुढे होतो आणि कधी मागे राहतो, हे शोधणे आपले काम.

या विषयातले सर्वांत गाजलेले उदाहरण डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग या छोट्या बंदराचे आहे, आणि योगायोग असा की त्याचीही सुरुवात एका तलावापासून झाली. भूजल वाचावे म्हणून १९६१ साली तिस्यो तलावाचे पाणी तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्याला देण्याची व्यवस्था झाली. १९७२ पासून त्या कारखान्यातला जादा वायू शेजारच्या जिप्समचे तक्ते बनवणाऱ्या कारखान्याला मिळू लागला. मग वीजकेंद्राची वाफ, राख, औषधनिर्मितीतला गाळ, एकेक धागा जोडला गेला. हे सगळे कोणी आराखडा काढून केले नव्हते. प्रत्येक देवाणघेवाण दोघांचा फायद्याचा सौदा होता. हे जाळे आहे आणि त्याला औद्योगिक सहजीवन म्हणता येईल, हे १९८९ च्या सुमारास लक्षात आले. नंतर जगभर लोकांनी नळ आणि टाक्यांची नक्कल केली, पण अनेक ठिकाणी ते जमले नाही. कालुंडबोर्गचे व्यवस्थापक एकाच गावात राहत, एकमेकांना ओळखत, ही गोष्ट नळाबरोबर नेता येत नव्हती.

आता आपल्या अंगणात या. माझी आजी कोकमाचे काहीच टाकत नसे. सालींची सोलां, रसाचे आगळ, बिया वाळवून, कुटून, उकळून वर आलेल्या तुपाचे मुठेल. थंडीत भेगाळलेल्या टाचांना तेच. तिला हे कोणी शिकवले नव्हते असे नाही. शिकवणारे घर होते, वेळ होता आणि पैसे कमी होते. जुन्या काळाचे गोडवे गाताना हे तिसरे कारण आपण विसरतो. गरिबीने लावलेली सवय सुबत्ता आल्यावर टिकेल का, आणि टिकायची तर कशाच्या जोरावर, हा प्रश्न तरुण अभ्यासकांनी सोडू नये.

याहून बोलके उदाहरण काजूचे. सिंधुदुर्गातल्या काजू कारखान्यात बीचे टरफल वाया जात नाही. ते जळण होते, त्यातले तेल रंगांना आणि गाड्यांच्या ब्रेक अस्तराला लागते. पण बियांच्या कितीतरी पट वजनाचे बोंडू? ते बहुतांशी बागेत झाडाखाली कुजते. तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात त्याच बोंडूपासून हुर्राक आणि फेणी होते, आणि फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. फळ एकच, माती जवळजवळ एकच. फरक पडला तो कायद्याने, करांनी, बाजाराने, चारचौघांत काय शोभते याच्या समजुतीने आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने. बोंडू हाताळायचे यंत्र आणून ठेवले तरी यातले काही आपोआप बदलत नाही. मानवी वर्तन म्हणजे एकेका माणसाची इच्छा, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण वारंवार पाहावे.

वेंगुर्ल्यात मात्र बदल घडलेला दिसतो. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेने कचरा घरातच वेगळा करून घेण्याचा आग्रह धरला. ओल्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात. एकेकाळी जिथे नुसता कचरा टाकला जाई, ती जागा लोक पाहायला येऊ लागले. यंत्रे कोणत्याही गावाला विकत मिळतात. इथे रोज सकाळी दाराशी येणारा माणूस तोच असे आणि काय वेगळे केले ते त्याला दिसत असे. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या, कचरावेचकांच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतल्या स्त्रियांकडून मी वेगळा धडा घेतला. प्लास्टिक बोटांत दाबून, आवाज ऐकून त्याचा प्रकार ओळखणाऱ्या या बायका या क्षेत्रातल्या तज्ज्ञ आहेत. आपल्या संशोधनात त्या फक्त माहिती देणाऱ्या म्हणून आल्या, तर संशोधन अपुरे राहील.

दोन सावधगिरीच्या सूचना देतो. पहिली जुनी आहे. वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली की कोळशाचा एकूण वापर वाढतो, हे विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये दाखवले. झिंक आणि गायर या संशोधकांनी २०१७ मध्ये तोच प्रश्न पुनर्वापराला विचारला: जुन्यापासून केलेली वस्तू नव्याची जागा घेते की नव्याच्या जोडीला येते? घरातली कापडी पिशव्यांची चळत मोजून पाहा. दुसरी सूचना अनामतीविषयी. सोड्याची रिकामी बाटली आपण परत करत होतो ती चार पैशांसाठी, आणि दुकानदार ओळखीचा होता म्हणूनही. गोव्याने २०२४ मध्ये वेष्टनांसाठी अनामत-परताव्याची योजना अधिसूचित केली. ओळखीच्या दुकानदाराची जागा तिथे काय घेते, हे जवळून पाहण्यासारखे असेल.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे १९९० चे पुस्तक या संग्रहाच्या सोबतीला ठेवा. कुरणे, जंगले, पाटाचे पाणी शतकानुशतके एकत्र सांभाळणाऱ्या समाजांमध्ये त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: नियम मोडणाऱ्याला पहिली शिक्षा हलकी असते, पुढे ती वाढत जाते. ते वाचून मी धामापूरच्या गोष्टीकडे परत गेलो. एकाच चुकीला तलावाने सगळ्या गावाचे देणे कायमचे बंद केले. मधली पायरी नव्हती. ज्याने दागिने ठेवून घेतले त्याच्याबद्दल गोष्ट सांगते, पण त्याच्या शेजाऱ्यांनी काय केले ते सांगत नाही. त्यांना ठाऊक होते का? कोणी त्याच्या दारी गेले का?

पहिल्या अभ्यासासाठी लांब जाऊ नका. एप्रिल-मे मध्ये कोणत्याही काजूच्या बागेत जा, खाली पडलेले बोंडू उचला आणि बागायतदाराला, वेचणाऱ्या बाईला आणि कारखान्याच्या मुकादमाला वेगवेगळे गाठून विचारा, हे इथेच का राहते. तिघांची उत्तरे एकाच कागदावर लिहून काढा. मग या संग्रहाचे पहिले प्रकरण उघडा.